दोन डबे की एक? खाडीकाठच्या घरातल्या अ‍ॅम्प्लिफायरचं प्रकरण

हे प्रकरण देवगड तालुक्यातल्या एका घरातलं आहे. गावाचं नाव गाळलंय, माणसांना नात्यानेच हाक मारलीय आणि ओळख पटेल असे एकदोन तपशील बदललेत. माझं कणकवलीत दुरुस्तीचं दुकान आहे. टीव्ही, इन्व्हर्टर, भजनी मंडळांचे अ‍ॅम्प्लिफायर यांवर पोट चालतं. घरात बसून गाणं ऐकणाऱ्यांचं काम वर्षाला चारपाच वेळा येतं. तेव्हा हिशेब कमी आणि गजाली जास्त होतात.

पार्श्वभूमी

अण्णा मुंबईत बँकेत होते. निवृत्तीनंतर काकींना घेऊन गावच्या घरी राहायला आले. जांभ्याच्या भिंती, वर कौलं, मागच्या दाराने बाहेर पडलं की पन्नास पावलांवर खाडी. सोबत आणल्या दीडशे एलपी, बहुतेक नाट्यसंगीत आणि अभंगांच्या. शिवाय त्या वाजवायला एक टर्नटेबल आणि मुलाने दिलेला छोटा स्ट्रीमर, म्हणजे इंटरनेटवरची गाणी वाजवणारा डबा. स्पीकर शेल्फवर मावतील असे, ८ ओहमचे. त्यांची संवेदनशीलता ८६ डेसिबल, म्हणजे एक वॉट दिला की एक मीटरवर एवढा आवाज. कडांना रबर होतं, हे मी आधी पाहून घेतलं. फोमच्या कडा आमच्या दमट हवेत चुरा होऊन हातात येतात.

जुना अ‍ॅम्प सामान हलवताना पावसात भिजून गेला होता. नव्यासाठी अण्णांनी सव्वा लाख बाजूला काढले होते आणि मनाशी ठरवूनही टाकलं होतं.

"माका सेपरेट्सच व्हये. मुंबयत जागा नाय होती, पैसो नाय होतो. आता दोनय आसत, मगे एका डब्यात कित्याक कोंबूचा?"

नेमका प्रश्न

अ‍ॅम्प्लिफायरच्या पोटात दोन कामं चालतात. प्रीअ‍ॅम्प कुठलं यंत्र ऐकायचं ते निवडतो, आवाज कमी-जास्त करतो आणि बारीक सिग्नल नीट करून पुढे देतो. पॉवर अ‍ॅम्प त्या सिग्नलला स्पीकर हलवण्याइतकी ताकद देतो. दोन्ही एका डब्यात, एकाच ट्रान्सफॉर्मरवर असले की तो इंटिग्रेटेड. वेगवेगळ्या डब्यांत असले की सेपरेट्स.

वेगळे ठेवण्यामागचं कारण खरं आहे. पॉवर अ‍ॅम्पचा जाड ट्रान्सफॉर्मर आपल्याभोवती चुंबकीय क्षेत्र पसरतो आणि प्रीअ‍ॅम्पमधला नाजूक सिग्नल त्यापासून जितका लांब तितका बरा. एलपीच्या बाबतीत हे जास्तच जाणवतं. टर्नटेबलच्या सुईमागच्या साध्या एमएम कार्ट्रिजमधून ५ मिलिव्होल्टच्या आसपास सिग्नल निघतो, स्ट्रीमर मात्र २ व्होल्ट देतो. जवळजवळ चारशे पटींचा फरक. शिवाय पुढे पॉवर अ‍ॅम्प बदलावासा वाटला तर प्रीअ‍ॅम्प तसाच ठेवता येतो.

अण्णांना यातलं बरंच ठाऊक होतं. खाडीकाठच्या घरात या फायद्यातलं किती शिल्लक राहतं, तेवढं त्यांनी तपासलं नव्हतं. आणि एका बाबतीत मीही नीट तपासलं नाही, ते पुढे येईल.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय भाच्याचा. डोंबिवलीचा भाचा या नादात मुरलेला. त्याने स्वतःचे वापरलेले प्रीअ‍ॅम्प आणि १५० वॉटचा पॉवर अ‍ॅम्प मिळून सत्तर हजाराला देऊ केले होते. प्रीअ‍ॅम्पमध्ये फोनो, म्हणजे एलपीचा बारीक सिग्नल वाढवून देणारा भाग, नव्हता, तो डबा वेगळा घ्यावा लागला असता.

दुसरा, त्याच पैशांत नवे सेपरेट्स. सव्वा लाखात दोन नवे डबे येतात, पण निम्मा पैसा दुसऱ्या पत्र्यात, दुसऱ्या ट्रान्सफॉर्मरमध्ये आणि दुसऱ्या पुढच्या पट्टीत जातो. हा आम्ही पाच मिनिटांत सोडला.

तिसरा, ६० वॉटचा, आत फोनो असलेला इंटिग्रेटेड, पासष्ट हजारांचा. उरलेल्या पैशांत घराची वायरिंग आणि स्टॅबिलायझर.

चौथा खरं तर मी सुचवायला हवा होता. प्रीअ‍ॅम्पमधून बाहेर येणारा आणि पॉवर अ‍ॅम्पमध्ये जाणारा सिग्नल मागच्या बाजूला उघडा ठेवलेला (प्री-आउट आणि पॉवर-इन म्हणतात ती सॉकेटं असलेला) इंटिग्रेटेड. १९७८ साली आलेल्या एनएडी ३०२० च्या पाठीमागे धातूचे दोन वाकडे तुकडे असायचे. ते काढले की एकाच डब्याचे दोन अर्धे सुटे व्हायचे. आजही अशी मॉडेलं मिळतात. पण अण्णांच्या यादीतल्या इंटिग्रेटेडला ती सोय नव्हती आणि तेव्हा मला ती गरजेची वाटली नाही.

चाचणी, आणि माझी पहिली चूक

भाच्याने दोन्ही डबे लक्झरीने पाठवले. फेब्रुवारीतल्या एका रविवारी नांदगाव तिठ्यावर ते उतरवून घेतले आणि मी ते अण्णांच्या माजघरात जोडले. खोली १४ बाय १८ फूट. प्रीअ‍ॅम्प खिडकीजवळच्या प्लगवर, पॉवर अ‍ॅम्प पलीकडच्या भिंतीच्या प्लगवर. चालू केले आणि एलपीवर सुई ठेवायच्या आधीच स्पीकरमधून घुंऽऽ.

काकी स्वयंपाकघरातून आल्या. "हेच्यात भुंगो शिरलो काय रे?"

भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, "मामा, पॉवर अ‍ॅम्पच्या प्लगची अर्थची पिन काढून टाका, मुंबईत सगळे तेच करतात." हे मी होऊ दिलं नाही. धातूच्या डब्यात आत वायर सुटून पत्र्याला लागली तर अर्थ हाच एक रस्ता असतो. नाहीतर करंट ओल्या पायांनी उभ्या असलेल्या माणसातून जातो. आमच्याकडे चार महिने जमीन ओलीच असते.

भुंग्याचं मूळ तासाभरात सापडलं. दोन डबे दोन वेगळ्या प्लगांवरून अर्थला जोडलेले होते आणि मधल्या केबलच्या जाळीतून पुन्हा एकमेकांना. असं वर्तुळ तयार झालं की अर्थमधला फरक त्या जाळीतून वाहतो आणि ५० हर्ट्झची गुणगुण ऐकू येते. दोन्ही डबे एकाच पट्टीवर घेतले तेव्हा ती निम्म्यावर आली. मग डिशची केबल, म्हणजे अर्थचा आणखी एक रस्ता, सेट-टॉप बॉक्समधून उपटली आणि उरलेलीही जवळजवळ गेली.

मीटर लावला तर न्यूट्रल आणि अर्थमध्ये ११ व्होल्ट. दोनतीन व्होल्टच्या वर गेलं की मी वायरमनला बोलावतो. अर्थिंगचा खड्डा घरामागे, जांभ्यात, कोरडा ठणठणीत, आणि मीटरजवळचा न्यूट्रलचा जोड सैल.

दुसरी गोष्ट नॉबची. स्ट्रीमर २ व्होल्ट देत होता, प्रीअ‍ॅम्प ते आणखी चौपट वाढवत होता आणि पॉवर अ‍ॅम्पला पूर्ण ताकदीसाठी १ व्होल्टच पुरत होता. नॉब घड्याळातल्या आठाच्या जागी आणला तेवढ्यातच काकी म्हणाल्या, बारीक कर. त्याखाली नेला तर फक्त डावा स्पीकर वाजे. व्हॉल्यूमच्या नॉबचे दोन भाग अगदी तळाशी सारखे चालत नाहीत, म्हणून गायक डावीकडे सरकून बसला. डबे सुटे घेतले की त्यांची गाठ मारण्याचं हे कामही आपल्याच अंगावर येतं. मध्ये सिग्नल कमी करणारे प्लग लावून ते जमतं, पण म्हणजे आणखी चार जोड.

इथे मला कबूल करायला हवं. त्या संध्याकाळी अण्णा इंटिग्रेटेडकडे वळले ते भुंग्यामुळे, आणि मी त्यांना वळू दिलं. खरं तर भुंगा घराचा होता, डब्यांचा नव्हता. डिश तशीच जोडलेली आणि अर्थिंग तसंच राहिलं असतं तर एका डब्यातही तो थोडाफार घुमला असता. माझं मत बरोबर होतं, पण ते पटवायला मी चुकीचा पुरावा वापरला. पुढे भाच्याने हे बरोबर पकडलं आणि अण्णांसमोर मला दोन शब्द ऐकवले.

इंटिग्रेटेडकडे कल का गेला

खरी कारणं तीन.

ताकद. अण्णा स्पीकरपासून दहा फुटांवर बसतात. अंतरामुळे आवाज थोडा उतरतो, दोन स्पीकरांमुळे थोडा वाढतो. माझ्या हिशेबाने एका वॉटला खुर्चीपाशी ८२ डेसिबलच्या आसपास. वॉट दुप्पट केले की ३ डेसिबल वाढतात, म्हणजे ३२ वॉटला ९७. टाळ-पखवाजाच्या ठोक्याला तेवढं पुष्कळ झालं. ६० वरून १५० वॉटवर गेलं तरी हाती जेमतेम ४ डेसिबल लागतात. आणि आषाढात कौलांवर पाऊस कोसळायला लागला की १५० काय, ५०० वॉट लावूनही आलाप ऐकू येत नाही.

जोड. हे मी कागदावर मोजून दाखवलं. सेपरेट्स आणि वेगळा फोनोचा डबा घेतला तर सिग्नलच्या केबलींची १४ टोकं. फोनो आत असलेल्या इंटिग्रेटेडला ६. मुंबईत हा आकडा कोणी मोजणार नाही. खाडीवरच्या खाऱ्या हवेत मात्र प्रत्येक टोक म्हणजे वर्षभरात हिरवट होणारा पितळेचा तुकडा. माझ्याकडे 'आवाज खरखरतो' म्हणून येणाऱ्या यंत्रांपैकी कित्येक नुसती जोडाची टोकं पुसून परत जातात.

आणि दुरुस्तीची ने-आण. भाच्याचा पॉवर अ‍ॅम्प एकट्याने उचलवत नव्हता. बिघडला तर तो कणकवलीला कोण आणणार?

अण्णांनी कागद दोनदा वाचला. म्हणाले, "म्हणजे तू माका बजेटातला अर्ध्या जमिनीत पुरूक सांगतस." शब्दशः तेच होतं. वायरमनने तुळशीवृंदावनामागे, जिथे सांडपाण्याची ओल असते तिथे, नवा खड्डा खणून मीठ-कोळसा भरला आणि न्यूट्रलचा जोड बदलला. व्होल्टेज संध्याकाळी १८५ पर्यंत उतरायचं आणि पहाटे २५० च्या वर चढायचं, म्हणून सर्व्हो स्टॅबिलायझर बसवला. जुना इन्व्हर्टर चौकोनी लहरीचा होता. त्यावर ट्रान्सफॉर्मर गुरगुरतो म्हणून अ‍ॅम्प त्या लाइनवरून काढला. भाच्याचे डबे परत गेले.

पहिला पावसाळा

नवी पेटी, म्हणजे तो इंटिग्रेटेड, मे महिन्यात आली. पहिल्या दिवसापासून चार नियम केले. वळिवाचा गडगडाट दूरवर ऐकू आला की प्लग काढायचा, डिशची केबलही काढायची आणि दोन्ही टोकं टेबलावर दिसतील अशी ठेवायची. पावसात रोज तासभर तरी अ‍ॅम्प चालू ठेवायचा, म्हणजे आतली ऊब ओल बाहेर काढते. पेटीवर हातभर मोकळी जागा सोडायची. आणि वरच्या झरोक्यांपासून दोन बोटं उंचीवर बारीक जाळी उभी करायची. पाल उबेला येते, आत शिरते आणि पॉवरच्या टर्मिनलवर आडवी होते. मग पालही जाते आणि ट्रान्झिस्टरही. माझ्या दुकानात अशा पालींची मोजदाद आता मी सोडून दिलीय.

पावसाळा सुरळीत गेला. ऑक्टोबरात मी सहाही टोकं पुसली, नॉबमध्ये क्लीनरचा फवारा मारला, बस्स. त्या दिवशी तासभर नाट्यगीतं ऐकत बसलो. काकींनी खापरोळ्या केल्या होत्या, त्यामुळे माझं मत कदाचित तटस्थ नसेल, पण त्या खोलीत आणखी काही हवं असं वाटलं नाही.

दुसऱ्या वर्षीचा बिघाड

दुसऱ्या वर्षी लेकीच्या बाळंतपणासाठी दोघं जून-जुलै मुंबईला गेली. निघताना काकींनी कौलं गळतील म्हणून पेटीवर प्लास्टिकचा कागद टाकला आणि चारी बाजूंनी नीट खोचला. प्रेमाने केलेलं काम, पण प्लास्टिकखाली दोन महिने ओल कोंडून राहिली आणि पेटी एकदाही तापली नाही.

चतुर्थीच्या चार दिवस आधी अण्णांचा फोन. "गणपती दारात इले आणि ह्यो आताच मुको झालो!"

पूर्ण मुका नव्हता. उजवी बाजू हळू आवाजात गप्प राही, नॉब वाढवला की टिक् होऊन परत येई. मागच्या केबली डावी-उजवी अदलाबदल केल्या, तरी उजवाच गप्प. म्हणजे स्ट्रीमर निर्दोष. स्पीकरच्या वायरी बदलल्या तर रोग अ‍ॅम्पच्या बाजूने राहिला. हेडफोन लावला तर दोन्ही कान ठणठणीत. मग स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने झाकणावर हलकेच टक् केलं आणि उजवी बाजू खडखडीत सुरू झाली. स्पीकर जोडणाऱ्या रिलेचे, म्हणजे विजेवर चालणाऱ्या छोट्या स्विचचे, संपर्क काळवंडले होते. या पेटीत हेडफोनला सिग्नल रिलेच्या आधीच मिळतो, म्हणून तिथे काही कळलं नाही.

माझ्याकडे हा रिले पन्नास-शंभर रुपयांचा आणि अर्ध्या तासाचा विषय. पण पेटी वॉरंटीत, मागे सील. मी उघडली असती तर वॉरंटी गेली असती. कंपनीचं सर्व्हिस सेंटर मुंबईत.

इथेच चौथा पर्याय आठवला आणि मी मनात स्वतःला शिवी घातली. दुकानात माझा एक छोटा पॉवर अ‍ॅम्प पडून होता. प्री-आउट असतं तर दोन केबली लावून दहा मिनिटांत घर वाजतं झालं असतं आणि रिलेचं नंतर बघता आलं असतं. सेपरेट्स असते तरी हेच करता आलं असतं. भाच्याच्या बाजूचा हा मुद्दा फेब्रुवारीत माझ्या कागदावर नव्हता. मी जोड मोजले, पण एक भाग गेला तर बाकीचा चालू ठेवता येईल का, हे मोजलं नाही.

तोवर शेजारचा मुलगा भजनी मंडळाचा अ‍ॅम्प घेऊन आला आणि स्पीकरच्या वायरी मागे खुपसायला लागला. मी त्याचा हात धरला. सभेच्या अ‍ॅम्पला ४, ८, १६ ओहमची टर्मिनलं असतात आणि त्यांच्याच शेजारी १०० व्होल्टचं एक, भोंग्यांच्या लांब लाइनसाठी. त्याने निवडलं होतं ते शेवटचं. आवाज वाढवल्याबरोबर अण्णांचे स्पीकर जळले असते.

शेवटी हेडफोनच्या सॉकेटमधून सिग्नल काढला, मंडळाच्या अ‍ॅम्पच्या ऑक्स इनपुटला दिला आणि दोन्ही स्पीकर समांतर जोडून ४ ओहमच्या टर्मिनलवर घेतले. डावं-उजवं एकत्र झालं. पाच दिवस आरत्या, फुगड्यांची गाणी आणि रात्री अण्णांच्या एलपी अशाच वाजल्या. जुन्या रेकॉर्डी मुळात एकाच वाहिनीच्या, त्यामुळे त्यांचं काही बिघडलं नाही. अण्णा म्हणाले, "हेच्यासाठी मी सव्वा लाख काढललंय?"

निष्पत्ती

गौरी-गणपती झाल्यावर पेटी मुंबईला गेली. परत आली सात आठवड्यांनी. ओलीने झालेला बिघाड वॉरंटीत बसत नाही म्हणून पैसेही लागले. खरेदीच्या दिवशी आम्ही वॉट विचारले, फोनो विचारला, पण सर्व्हिस सेंटर कुठे आणि ओलीचं काय, हे दोघांपैकी कोणीही विचारलं नाही. या प्रकरणातला सर्वांत महाग विसर हाच.

पुन्हा हाच निर्णय घ्यायची वेळ आली तर त्या खोलीला, त्या स्पीकरांना आणि त्या हवेला मी इंटिग्रेटेडच सुचवेन, पण प्री-आउट आणि पॉवर-इन असलेला. भाचा अजूनही सेपरेट्सचं नाव घेतो. त्याच्या डोंबिवलीच्या बंद खिडक्यांच्या खोलीत तो बरोबरच असेल. आणि घर बंद करून जाताना पेटी कापडात गुंडाळून, सिलिका जेलच्या पुड्यांसह झाकणाच्या डब्यात ठेवायची किंवा शेजारी चालू ठेवायला द्यायची, हे मी आता बिलाच्या मागे हाताने लिहून देतो. तेव्हा दिलं असतं तर प्लास्टिक आलं नसतं.

वॉरंटी आता संपलीय. सील मी काढलं आणि सीलबंद कवचाचा नवा रिले घातला. काकी रोज सकाळी तुळशीला पाणी घालून उरलेला तांब्या अर्थिंगच्या खड्ड्यात ओततात. मागच्या मे महिन्यात, सगळं रान करपलेलं असताना, मीटर लावून बघितला. न्यूट्रल आणि अर्थमध्ये १.४ व्होल्ट.